शिट्टीची दांडी

३ मार्च, सोमवार
हळदीचा हंगाम ऐन भरात. सकाळपासून हळद शिजवायचे तीन कुकर दारात उभे. एकाची चाकं, एकाच्या ड्रमचं झाकण, आणि तिसऱ्याचा मालक म्हणतो, "मिस्तरी, लई आवाज येऊन राहिला." अरे बाबा, वाफ जास्त झाली की आवाज यावा म्हणूनच तर शिट्टी बसवली. तिच्यात कापूस कोंबू का?

बायको, सुमन, बाजारातून आली. भाजीची थैली सरळ नव्या कुकरच्या दांडीला अडकवली आणि पाणी प्यायला आत गेली. ओरडलो, "काढ ते. शिट्टीची दांडी हाय ती."

"मंग खुंटीवानी काहून केली?"

ती हसली. मीही हसलो, पण आतून लागलं. ही दांडी माझी स्वतःची करामत आहे. आधी सरळ असायची. टोकाला वजन लावलेलं. वाफ वाढली की दांडी वजनासकट उचलली जाते, शिट्टी होते, माणूस जाळ मागं ओढतो. कुकर ट्रॅक्टरला बांधून या शेतातून त्या शेतात नेताना खड्ड्यात वजन निसटून पडायचं. मग लोक हाताला येईल तो दगड बांधायचे. म्हणून गेल्या साली टोक बोटभर वर वळवलं. तेव्हापासून एकाचंही वजन पडलं नाही. असे सात केले. त्यातला दुसरा धाकट्या बहिणीकडं, गोदाकडं. विश्वनाथ दाजींनी तो गावभर मिरवला, आमच्या मेव्हण्यानं केला म्हणून.

थैली काढून खाली ठेवली. दुपारी वेल्डिंगचा चष्मा शोधतोय तर तो त्याच दांडीला लटकलेला. मीच अडकवला असणार.

६ मार्च, गुरुवार
गोदाच्या शेतात कुकर फुटला. दाजी भाजले.

फोन साडेदहाला आला. आमच्या गावाहून, जवळा बाजारहून, मी पोचेपर्यंत शेतातल्या पत्र्याच्या आखाड्यापुढं जीप उभी होती आणि दाजींना केळीच्या पानांवर निजवलं होतं. नांदेडपर्यंत मागं बसून गेलो. हात धरावा म्हटलं तर धरायला जागा नव्हती. त्यांच्या चपलेला धरून बसलो.

गोदाला काही झालं नाही. ती विहिरीवर गेली होती.

पुढं लिहवत नाही.

८ मार्च, शनिवार
नांदेड. दवाखाना. दाजी शुद्धीवर आहेत. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटतो. विचारतात, "हळद निघाली का?" निघाली म्हटलं. खोटं. तिन्ही ड्रममधे अर्धी कच्ची तशीच पडलीय.

बाहेर बाकावर गोदा. दोन दिवस एक शब्द नव्हता, आज आपणहून बोलली.

"थैली म्या अडकवली दादा. त्या दांडीला. थैलीत पाच लिटरचा पान्याचा कॅन व्हता, डबा व्हता. खाली मुंग्या लई व्हत्या म्हनून."

सरकून तिनं मला बाकावर जागा केली.

"शिट्टी वाजलीच न्हाई. म्या इहिरीवर व्हते, कान तिकडंच व्हते. वाजली न्हाई म्हनून वाटलं, आजून येळ हाय."

थैलीच्या ओझ्यानं दांडी उचललीच गेली नसणार. वाफेचा मीटर होता, पण त्याची काच धुरानं काळी. ती कुणीच पुसत नाही. सगळे शिट्टीच्या भरवशावर.

दुपारी पोलीस आले जबाब घ्यायला. थैली कुणी अडकवली? ती म्हणाली, म्या. त्यांनी लिहून घेतलं. दांडी कुणी वळवली हे कुणी विचारलं नाही, आणि मी तीन हात अंतरावर चहाचा कप घेऊन उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

१० मार्च, सोमवार
सकाळी सव्वासहाला दाजी गेले.

गोदाच्या पोरीची, स्वातीची, दहावीची परीक्षा चालू आहे. शेवटचा पेपर झाल्यावर सांगायचं असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. तिला मैत्रिणीच्या मोबाइलवर कळलं.

१५ मार्च, शनिवार
एकटाच आखाड्यावर जाऊन आलो. शेतातली ती पत्र्याची खोली, तिच्यापुढं राख, राखेत अजून अर्धी लाकडं. कुकरची वाफेची टाकी पालथी पडलेली. मागून फाटलीय, जुनं धोतर फाटावं तशी.

जोड बघितला. जोड शाबूत. पत्रा फाटला, माझं वेल्डिंग नाही. कारागीर म्हणून क्षणभर बरं वाटलं मला. मग इतकी लाज वाटली की तिथंच खाली बसलो. माणूस मेलाय आणि मी जोड बघतोय.

दांडी दूर, हळदीच्या सरीत पडलेली. वाकलीसुद्धा नाही. वळवलेल्या टोकात थैलीचा हिरवा बंद वितळून चिकटलाय. त्या बंदाचं माप घेऊन वळवली असती तरी इतकी नेमकी बसली नसती.

दस्तीत, खांद्यावरच्या रुमालात, गुंडाळून आणली. सुमनला सांगितलं नाही. गॅरेजच्या फळीवर, डब्यांच्या मागं ठेवली.

१९ मार्च, बुधवार
दहावा. सिद्धेश्वरजवळ पूर्णेच्या काठी.

विधी आटोपल्यावर दाजींची आई सगळ्यांदेखत बोलली, "माह्या लेकाच्या जिवावर थैली टांगली हिनं." कुणी गप्प केलं नाही म्हातारीला. गोदानं मानही वर केली नाही. मी भाऊ. मी पुढं व्हायला हवं होतं. मी टॉवेल पिळत राहिलो.

परतताना स्वाती शेजारी चालत होती. म्हणाली, "मामा, आई आता घरात काईच अडकून न्हाई राहिली. लुगडे खाली, चाळनी खाली, थैल्या खाली. भितीतल्या खुट्या बी उपसून टाकल्या. नुसते भोकं राहिले."

घरी गेलो तेव्हा डोळ्यानं पाहिलं. मातीच्या भिंतीत ओळीनं सहा भोकं. खाली सतरंजीवर सगळा संसार मांडलेला, ओलांडून ओलांडून चालावं लागतं. गोदा मात्र सवयीनं चालत होती. पायाखाली न बघता.

२३ मार्च, रविवार
गॅरेज उघडलं. हात चालत नाहीत.

समोर रहीमभाईंचं लेथ मशीन. शिट्टीचे व्हॉल्व्ह माझ्यासाठी तेच कातून देतात. त्यांच्याकडं दांडी घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. दांडी हातात घेऊन ते ऐकत राहिले. मधेच चहा आला. कप घ्यायला हात मोकळा करायचा म्हणून त्यांनी दांडी टेबलाच्या कडेला अडकवली, त्याच वळवलेल्या टोकानं. मग आमचं दोघांचंही तिकडं लक्ष गेलं.

"देखे?" ते म्हणाले. "हात किसी को पूछताच नई."

मी डोळे पुसले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "और माधवभाई, तुम बैठे किसपे?"

गॅसच्या सिलेंडरवर बसलो होतो. भरलेल्या. वीस वर्षं झाली, इथंही आणि गॅरेजमधेही मी सिलेंडरवरच बसतो. बसण्याइतकी उंची, बसण्याइतकी रुंदी, मग दुसरं काय होणार? उठून उभा राहिलो.

सहा दांड्या अजून तशाच आहेत. हंगाम संपायला महिना आहे. उद्यापासून ग्राइंडर घेऊन निघायचं.

२६ मार्च, बुधवार
परवा नव्या कुकरची, सात नंबरची, इथंच कापली. आज पाच नंबर, गावाजवळच्या मळ्यात. दांडीवर मालकाची दस्ती वाळत घातलेली. दस्तीचं वजन ते काय? पण उद्या दस्तीच्या जागी काय येईल, कुणी सांगावं. टोक कापलं, वजन बोल्टानं आवळून बसवलं. पंधरा मिनिटांचं काम. हे सुरुवातीलाच सुचलं असतं तर. बोल्ट तेव्हाही होते गॅरेजमधे. वाकवणं सोपं पडलं म्हणून वाकवलं.

मालक म्हणतो, "मंग आता दस्ती कुठं ठिवावं?"

"डोक्याला बांधा."

तो हसला. मला हसू आलं नाही.

वाटेत येताना मोजदाद केल्यासारखं दिसत गेलं. विजेच्या खांबाला शेळी. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर दोन बाया बसलेल्या, मांडीवर टोपली. विहिरीच्या काठावर पाय सोडून एक जण फोनवर. कुणीही वेडं नाही यातलं. खांब बांधण्यासारखा, पत्रा बसण्यासारखा. पूर्वी हे दिसायचं नाही. आता दुसरं काही दिसत नाही.

२८ मार्च, शुक्रवार
औंढ्याच्या पलीकडं एका तांड्यावर, एक नंबरचा कुकर. शंकरभाऊंचा. माणूस चांगला, लांबूनच हाक मारली, "या मिस्तरी, बराबर येळंला आले. चहा ठिवायला लावला."

जाळ चालू होता. तिन्ही ड्रम भरलेले. आणि दांडीला लाल फडक्यात बांधलेला अख्खा नारळ, वर लिंबू-मिरची, बिब्बा.

आधी जाळ ओढला. हातानंच ओढला, चटका बसला ते नंतर कळलं. शंकरभाऊ बघतच राहिले.

"हे काय केलं भाऊ?"

"तुमच्या दाजीचं आयकलं ना मिस्तरी. म्हनून बांधलं. म्हनलं आपल्यामागं तकलीफ नको."

हसावं का रडावं कळेना. दाजींच्या मरणाला भिऊन यांनी तेच मरण त्याच जागी बांधलं होतं. दांडी काय करते ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांची बायको पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आमी त देवाचं म्हनून बांधलं हो भाऊ. देवाचं म्हनून."

पण दुसरं कुठं बांधणार? सगळा कुकर गोल, गरम. बांधण्याजोगी जागा एकच, ती मी करून ठेवलेली.

टोक कापलं. नारळ त्यांनी ट्रॅक्टरपुढं बांधला. चहा घेतला, पण गोड लागला का फिका, सांगता यायचं नाही.

३० मार्च, रविवार
पाडवा. गुढी उभारू वाटली नाही. सुमननं आग्रह केला नाही, नुसता नैवेद्य दाखवला. गोदाला फोन लावला. उचलला स्वातीनं. आई निजलीय म्हणाली. भरदुपारी गोदा निजल्याचं मला आठवत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
पुसेगाव. चार नंबरवाले आजोबा ऐकेनात. "वजन पडलं तं तू येशील का आठ कोसावरून? चांगल्या मालाला कापू नको." बोल्ट दाखवला, तरी नाही. शेवटी टोक ठेवलं आणि दांडीवर सळयांची जाळी बसवून दिली, उंदराच्या पिंजऱ्यासारखी. हात आत जातच नाही. स्वतःवर खूश झालो थोडा. बऱ्याच दिवसांनी.

दाजी असते तर त्यांनी जाळीला नाव ठेवलं असतं. माझ्या प्रत्येक वस्तूला ते नाव ठेवायचे. आमच्या दारातल्या फाटकाला 'सासूबाई' म्हणायचे, कारण ते करकरतं आणि पूर्ण उघडत नाही. आई हयात होती तेव्हा, तिच्यासमोर. आईच जास्त हसायची. चांगला माणूस होता. फार चांगला माणूस होता.

११ एप्रिल, शुक्रवार
राहिलेले दोन, तीन नंबर आणि सहा नंबर, कापून झाले. परत येताना पुसेगावला डोकावलो.

जाळीवर जेवणाचा डबा. गरम राहावा म्हणून.

काय झालं मला कळलं नाही. डबा उचलला आणि भिरकावला. वरण सगळं धुऱ्यावर, बांधाच्या गवतात. आजोबा तोंडात बोट घालून उभे, सून पदर धरून उभी. डबा काही दांडीला लागत नव्हता, त्यानं काहीच झालं नसतं. तरीही. म्हाताऱ्याचे पाय धरले. तेच मला म्हणाले, "बस लेकरा. पानी पी." पंचेचाळीस वर्षांचा मी, ओक्साबोक्शी रडलो परक्याच्या बांधावर.

मग त्यांनीच ग्राइंडर पुढं केला. जाळी काढली, टोक कापलं. सहाच्या सहा झाले.

वाटलं होतं सहा झाले की हलकं वाटेल. नाही वाटलं. जो फुटायचा तो फुटलाच. आणि गोदा तिकडं जमिनीवर संसार मांडून बसलीय, सगळं तिच्या माथी.

१३ एप्रिल, रविवार
सांगायचं म्हणूनच गेलो होतो. गोदानं चहा केला. कप जमिनीवर, साखरेचा डबा जमिनीवर, मीही जमिनीवर. दाजींचा फोटो भिंतीला टेकवून खाली ठेवलेला. सगळ्यांचे फोटो वर असतात. फोटोलाही खिळा नको तिला.

"काय दादा?"

"काही नाही. येऊन जावं म्हटलं."

मग हळदीचं बेणं किती राखलं, म्हशीनं दूध कमी केलं का, असल्या गप्पा. तासाभरानं उठलो. भित्रा आहे मी. लोखंडाला भीत नाही, आगीला भीत नाही, बहिणीच्या डोळ्याला भितो.

घरी आल्यावर सुमननं ओळखलं. दांडी तिला फळीवर केव्हाच सापडली होती म्हणे, बोलली नव्हती. आज बोलली, "सांगायचं तं सांगा, न्हाई तं ठिवा पोटात. असं मदीच लोंबकळून काहून राहिले?"

३० एप्रिल, बुधवार
अक्षय तृतीया. गोदाकडं दाजींच्या नावानं पहिली घागर. आंबे, पुरणपोळी, वाळ्याचं पाणी. जेवणं झाली. म्हातारी ओसरीवर कलंडली, स्वाती शेजारी गेली.

दस्ती सोडून दांडी गोदापुढं ठेवली. ती मागं सरकली.

एका दमात बोलून टाकलं. हे टोक मी वाकवलं. वजन निसटू नये म्हणून वाकवलं आणि त्याची खुंटी झाली. फुटायच्या तीनच दिवस आधी सुमननं तोंडावर सांगितलं होतं, खुंटीवानी झालीय म्हणून. मी हसलो. त्याच वेळी तुला एक फोन करता आला असता. नाही केला. शंकरभाऊंचा नारळ सांगितला, आजोबांचा डबा सांगितला, माझा स्वतःचा चष्मा सांगितला. जो येतो तो अडकवतो गोदा. तुझी चूक नाही. ती खुंटी होती. मी केलेली.

बराच वेळ ती टोकावरच्या त्या हिरव्या डागाकडं बघत होती.

मग म्हणाली, "मला म्हाईत व्हतं दादा."

"काय?"

"ती खुटी न्हाई ते. त्यायनं दोन डाव सांगितलं व्हतं. एक डाव तं वरडले व्हते, हिला हात लावायचा न्हाई म्हनून. म्हाईत व्हतं मला."

मी दस्तीची घडी घालायला लागलो.

"डोक्यावर घागर व्हती. हातात थैली. खाली मुंग्या. ती म्होरं दिसली, हात गेला. इचार आलाच न्हाई मधी. थैली अडकून निघून बी गेले. तिकडून येऊ, मंग काढू, असं बी मनात न्हाई आलं. काईच न्हाई आलं."

"म्हणूनच म्हणतो ना मी..."

"तू म्हनतो तसं आसन. तुह्यावर टाकून म्या मोकळी व्हईन व्हय? त्यायनं सांगितलं व्हतं, दादा. दोन डाव."

दांडी तिनं माझ्याकडं सरकवली. "तुझं तुह्यापाशी ठिव. माझं ऱ्हाऊ दे माह्यापाशी."

रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

१ मे, गुरुवार
दिवसभर गॅरेज बंद. तिचं ओझं घ्यायला गेलो होतो असं मला वाटत होतं. खरं तर माझंच उतरवायला गेलो होतो. आणि तिला ते कळलं असणार, लहानपणापासून तिला माझं सगळं आधी कळतं.

एक गोष्ट मात्र राहून राहून. माहीत असून हात गेला. मग सांगून काय उपयोग? पाच ठिकाणी मी सांगत फिरलो, समजावत फिरलो. दाजींनी तर ओरडून सांगितलं होतं. डोक्यावर घागर असली की माणसाला सांगितलेलं आठवत नाही, समोर असलेलं दिसतं.

१८ मे, रविवार
गोदा आली. एसटीनं, स्वातीला घेऊन. दाजींच्या दहाव्यानंतर पहिल्यांदाच गावाबाहेर पडली. स्वाती पास झाली, पेढे आणले होते. गोदानं पेढा माझ्या हातावर ठेवला आणि गॅरेजमधे उभ्या उभ्याच म्हणाली,

"पुढल्या पंधरवड्यात हळद लावायची हाय. बेनं ठिवलंय."

"लाव ना. मी येतो मदतीला."

"लावीन. पन मंग शिजवायला कुकर लागन."

मी म्हटलं, मार्चला अजून खूप वेळ आहे, कुणाचा तरी आणू. ती म्हणाली, आमच्या वावरात आता कुणी आपला कुकर आणत नाही. तिघांना विचारून झालं. तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, म्हणतात बघू.

"तू करून दे."

सुमन मागं उभी होती, तिनं मानेनं नाही केलं. मलाही तेच वाटलं. परत तीच आग, तीच वाफ, तेच वावर, आणि उभी कोण राहणार तिथं?

"चालवणार कोण गोदा?"

"म्या."

स्वाती आईकडं बघत होती. तिलाही हे नवीन असावं.

"गडी लाव एखादा. तू नको."

"म्याच चालवन. म्या दूर राहून दुसऱ्याला जाळापाशी उभं करू? आन् दादा, एक आयक. मला सांगू नको, हे कर, ते करू नको. सांगून काय व्हतं ते पाह्यलं आपुन. आसा कर का म्या चुकले तरी चालंल."

एवढं बोलून बसली. सवयीनं सिलेंडरवरच बसली. मी हाताला धरून उठवलं, खुर्ची दिली. ती त्याचं कारण न विचारता खुर्चीवर बसली.

विचार करतो म्हटलं. किती दिवस, तिनं विचारलं. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो.

२३ मे, शुक्रवार
पाच दिवस चित्रंच काढतोय, या वहीच्या मागच्या पानांवर. पहिल्यात दांडी आखूड. रहीमभाई म्हणाले, आखूड असली तरी दोरीचा फास बसतो. दुसऱ्यात दांडी टाकीच्या खाली. खाली वाकून कोण बघणार, राख साचली तर अडकेल. तिसऱ्यात दोन शिट्ट्या. दोन शिट्ट्या म्हणजे मधे काठी टाकून कपडे वाळत घालायची सोय. चौथ्यात वरून छप्पर. त्यावर शेंगा वाळत घालतील.

पाचव्यात दांडीच नाही. आत स्प्रिंग, बाहेर नुसती लोखंडाची गोल टोपी, गुळगुळीत, खाली वाफेला चहूबाजूंनी बारीक भोकं. धरायला काही नाही, अडकवायला काही नाही, दोरी टाकली तरी घसरेल. रहीमभाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ये बराबर है." मलाही वाटलं, जमलं. पहिल्यांदा गोदाला हो म्हणावंसं वाटलं.

दुपारी जेवताना सुमनपुढं वही ठेवली. म्हटलं, नीट बघ, घाई करू नको. तिनं हात धुतले, पदराला पुसले, बराच वेळ पाहिलं. टोपीवरून बोट फिरवलं.

"वर तांब्या बसंन," ती म्हणाली. "पानी कोमट व्हायला."

आधीच्या चार चित्रांसारखं हे पान फाडलं नाही. गोदा परवा विचारेल.